पुरुषांच्या ओटीपोटातले जुनाट दुखणे

आरोग्याचा विषय निघाला की हृदयविकार, मधुमेह किंवा दमा यांवर चारचौघांत बोलण्यास कोणी कचरत नाही. आज आम्ही जो विषय घेतला आहे त्याची गोष्ट निराळी आहे. हे दुखणे ज्याला असते तो ते मित्राजवळ काढीत नाही, भावाजवळ काढीत नाही, आणि पुष्कळदा पत्नीजवळही काढीत नाही. वैद्याकडे गेलाच तर दुखण्याचे ठिकाण सांगताना त्याची जीभ अडखळते. यामुळे असा समज होतो की हा विकार विरळा असावा. वस्तुस्थिती तशी नाही. निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांत शेकडा सुमारे २ ते १० पुरुषांनी या तक्रारी सांगितल्या आहेत. या सभागृहात दोनशे पुरुष बसले असतील तर त्यांत चारदोन तरी असे असण्याचा संभव आहे, आणि शेजारच्या खुर्चीवरील माणसाला त्याचा पत्ता नसेल.

अशा रोग्याचे सर्वसाधारण चित्र डोळ्यांपुढे आणावे. वय तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान. प्रकृती एरवी धडधाकट. दुखते कोठे, तर बेंबीखाली ओटीपोटात, जांघेत, वृषणांत, शिश्नाच्या टोकाशी, किंवा वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेत. जणू लहानसा चेंडू बुडाखाली घेऊन बसलो आहोत असे कोणी सांगतो. खुर्चीवर तासभर बसले की दुखणे वाढते. लघवीला वारंवार जावे लागते, धार अडखळते, जळजळ होते. वीर्यस्खलनाच्या वेळी किंवा त्यानंतर दुखते आणि म्हणून संसारसुखाचीही धास्ती बसते. चार दिवस बरे जातात, पुन्हा उचल होते. असे गेल्या सहा महिन्यांत निदान तीन महिने चालले असेल आणि दुसरे काही कारण सापडत नसेल, तर त्याला जुनाट दुखणे म्हणावयाचे.

हा गृहस्थ तपासण्या करून घेतो. लघवीत जंतू नाहीत. सोनोग्राफीत विशेष काही नाही. मग त्याला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक, ‘प्रोस्टेटला सूज आहे, ही प्रतिजैविके घ्या.’ दुसरे, ‘तुम्हाला काही झालेले नाही, मनातून काढून टाका.’ ही दोन्ही उत्तरे बहुतेक रोग्यांच्या बाबतीत चुकीची आहेत, हेच आज आम्हाला सांगावयाचे आहे. दुखणे खरे असते, आणि बहुधा ते जंतूंचे नसते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात हे समजले की उपचाराची वाटही दिसू लागते.

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट किंवा पौरुष ग्रंथी म्हणतात. मूत्रमार्ग तिच्या मधूनच खाली उतरतो. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. या ग्रंथीच्या खाली, समोरच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, झोळीसारखा स्नायूंचा एक पडदा ताणलेला असतो. मूत्राशय, प्रोस्टेट आणि गुदाशय यांना हाच पडदा तोलून धरतो, आणि मलमूत्र आवरून धरणे व सोडणे हेही त्याचेच काम. या झोळीकडे वैद्यकाचे लक्ष फार उशिरा गेले. ग्रंथीला मात्र नाव होते, ती बोटाने चाचपता येत होती. म्हणून ओटीपोटात दुखले की दोष ग्रंथीचा, असे समीकरण होऊन बसले. ‘प्रोस्टेटायटिस’ या नावाचा अर्थच मुळी ‘प्रोस्टेटचा दाह’. एकदा नाव पडले की माणूस नावाप्रमाणे औषध शोधतो.

या समजुतीची पहिली नेटकी कसोटी १९६८ साली लागली. मीअर्स आणि स्टेमी या दोघा अमेरिकन वैद्यांनी चार भांड्यांची एक परीक्षा प्रसिद्ध केली. लघवीचा पहिला भाग, मधला भाग, प्रोस्टेट दाबून निघालेला स्राव आणि त्यानंतरची लघवी असे चार नमुने वेगवेगळे तपासावयाचे, म्हणजे जंतू मूत्रमार्गात आहेत, मूत्राशयात आहेत की ग्रंथीत, हे कळते. परीक्षा सुरेख होती, आणि तिने जे दाखविले ते अनेकांना अनपेक्षित होते. प्रोस्टेटायटिसचे म्हणून जे रोगी येत त्यांतील बहुतेकांच्या ग्रंथीत रोगजंतू सापडेनात.

पुढे १९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांना एकत्र बसवून या रोगाचे चार वर्ग ठरविले. पहिला वर्ग अचानक उद्भवणाऱ्या जंतुसंसर्गाचा. यात थंडी वाजून ताप येतो, लघवी तुंबते, आणि तातडीने प्रतिजैविके द्यावी लागतात. दुसरा वर्ग जुनाट जंतुसंसर्गाचा. यात तेच जंतू पुनःपुन्हा लघवीत उगवतात. तिसरा वर्ग आपल्या आजच्या विषयाचा, आणि त्याला त्यांनी ओटीपोटातील जुनाट वेदनांचा लक्षणसमूह असे नाव जोडले. चौथा वर्ग ज्यांना त्रास काहीच नाही पण तपासणीत सूज आढळते त्यांचा. शंभर रोगी घेतले तर सुमारे नव्वद तिसऱ्या वर्गात पडतात. पहिल्या दोन वर्गांसाठी असलेले औषध या नव्वदांना वर्षानुवर्षे दिले गेले, ही या रोगाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

नाव आणि वस्तू यांच्यात किती अंतर होते ते दोन अभ्यासांवरून दिसेल. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ९७ रोग्यांच्या प्रोस्टेटचे सूक्ष्म तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शेकडा ३३ जणांत दाह आढळला, आणि तो मध्यम किंवा तीव्र म्हणावा असा शेकडा केवळ ५ जणांत होता. दुसरा अभ्यास २००३ सालचा. त्यात ४६३ रोगी आणि कसलाही त्रास नसलेले १२१ पुरुष यांची तुलना केली. रोगकारक समजले जाणारे जंतू रोग्यांपैकी शेकडा ८.० जणांत सापडले, आणि निरोग्यांपैकी शेकडा ८.३ जणांत! ज्याच्या अंगी चोरीचा माल सापडला त्यालाच चोर म्हणावयाचे, तर येथे साव आणि चोर यांच्या झडतीत सारखाच माल निघाला.

मग जंतू मारण्याच्या औषधाने काय साधणार? २००४ साली याचाही निकाल लागला. उत्तर अमेरिकेतील दहा केंद्रांत १९६ पुरुषांना सहा आठवडे औषधे देण्यात आली. काहींना सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक, काहींना मूत्रमार्गाचे तोंड सैल करणारे टॅमसुलोसिन, काहींना दोन्ही, आणि काहींना औषध नसलेली, केवळ दिसण्यात तशीच असलेली पोकळ गोळी. कोणाला काय मिळाले हे रोग्याला माहीत नव्हते आणि वैद्यालाही नव्हते. औषधांनी पोकळ गोळीहून लक्षात येण्याजोगा अधिक गुण आला नाही. हे रोगी जुने होते आणि पुष्कळ उपचार करून थकलेले होते, हे येथे सांगितले पाहिजे. नव्याने त्रास सुरू झालेल्या रोग्याला, जंतूंची शंका असल्यास, वैद्य चारसहा आठवड्यांचा एक क्रम देऊन पाहतात. त्यात वावगे नाही. परंतु लघवीत जंतू नसताना आणि पहिल्या क्रमाने गुण आलेला नसताना दुसरा, तिसरा, पाचवा क्रम घेत राहणे यास आधार नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीची औषधे निरुपद्रवीही नाहीत. त्यांनी टाचेवरचा स्नायुबंध दुखावतो, क्वचित तुटतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००८ साली त्यांच्यावर ठळक इशारा छापावयास लावला; पुढे मज्जातंतूंच्या इजेचाही इशारा त्यात आला. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याची आपल्याकडील सवय या दृष्टीने घातक आहे.

२००८ सालच्या आणखी एका प्रयोगाकडे लक्ष वेधतो. अल्फुझोसिन नावाचे, टॅमसुलोसिनच्याच जातीचे औषध २७२ नव्या रोग्यांत तपासले. बारा आठवड्यांनी औषधाच्या गटात शेकडा ४९.३ जणांना ठरवलेल्या मापाइतका गुण आला, आणि पोकळ गोळीच्या गटातही बरोबर शेकडा ४९.३ जणांना आला. यातून दोन धडे मिळतात. एक असा की, ‘अमक्या गोळीने मला बरे वाटले’ या सांगण्यावरून गोळीचा गुण ठरत नाही. जाहिरातबाज वैदूंचा धंदा नेमका येथेच चालतो. दुसरा धडा अधिक आशेचा आहे. कोणी आपले ऐकून घेत आहे, नियमाने तपासत आहे, एवढ्याने आणि काळाच्या ओघाने जवळजवळ निम्म्या रोग्यांचे दुखणे हलके होते. हे दुखणे असाध्य नाही, याची ही साक्षच आहे.

जंतू नाहीत, ग्रंथीचा दाह बेताचाच, तर दुखते काय? पुष्कळांच्या बाबतीत उत्तर त्या स्नायूंच्या झोळीत सापडते. आपली मूठ घट्ट आवळून दिवसभर तशीच ठेवली तर संध्याकाळी काय होईल? बोटे आखडतील, मनगट दुखेल, तळव्यात दाबले तर कळ येईल; आणि हाताची क्ष-किरण तपासणी केली तर त्यात काहीच दिसणार नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असेच आवळलेले राहू शकतात. एखादा जुना संसर्ग, पडल्याची इजा, वर्षानुवर्षांची बैठी नोकरी, मलावरोधामुळे कुंथण्याची सवय, सायकलचे टणक खोगीर, लघवी तासन्‌तास अडवून धरणे, किंवा मनावरचा सततचा ताण, यांपैकी कशानेही त्याची सुरुवात होऊ शकते. काही माणसे चिंतेत दात आवळतात, तशी काही नकळत हा तळ आवळतात. जाणत्या वैद्याने गुदद्वारातून बोट घालून या स्नायूंवर हलका दाब दिला की विशिष्ट ठिकाणी कळ उठते आणि रोगी म्हणतो, ‘हेच माझे दुखणे.’ ज्या तपासणीत फक्त ग्रंथी चाचपली जाते तीत ही गोष्ट निसटते.

स्नायूंच्या जोडीला मज्जातंतू आहेत. त्रिकास्थीतून निघणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मज्जातंतूंकडे मूत्राशय, गुदाशय आणि तळाचे स्नायू या सर्वांचा कारभार आहे. तारा सामाईक असल्यामुळे एका ठिकाणची तक्रार दुसऱ्या ठिकाणी ऐकू येते. दुखणे स्नायूत, पण कळ शिश्नाच्या टोकाशी, असे होते ते यामुळेच. शिवाय वेदना म्हणजे इजेची निव्वळ तार नव्हे. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली असे प्रतिपादन केले की मज्जारज्जूत जणू एक दार असते. तेथे वेदनेचा संदेश अडविला जातो किंवा मोकळा सोडला जातो, आणि त्या दारावर मेंदूचाही अंमल चालतो. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखविले की इजेनंतर मज्जारज्जूतील यंत्रणाच हळवी होते आणि साध्या स्पर्शालाही वेदनेसारखी दाद देऊ लागते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतो. पोळलेली मज्जासंस्था तशीच वागते. मूळ इजा भरून येते, तरी ती थोडीशी भरलेली लघवीची पिशवी, घट्ट विजार, खुर्चीचा दाब या सर्वांना धोका समजून ओरडते. ओरडणे खरे असते, आणि वेदनाही खरी असते.

येथे मनाचा प्रश्न येतो, आणि तो जपून बोलण्याचा आहे. दुखणे मनाने निर्माण केले असे आम्ही म्हणत नाही. पण भीती आणि हताशपणा त्या दारावर बसले की ते उघडेच राहते, असे या रोग्यांच्या अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. आपल्या देशात या भीतीला एक खास खतपाणी मिळते. वीर्य गेले की शक्ती गेली, ही समजूत तरुणांच्या मनात खोल रुजलेली आहे. लघवीवाटे ‘धातू’ जाते या धास्तीने अशक्तपणा, अंगदुखी आणि काळजी यांनी ग्रासलेल्या पुरुषांचे वर्णन डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली केले आणि त्या विकाराला ‘धात’ हेच नाव दिले. ओटीपोटात दुखू लागले की असा तरुण ते आपल्या पूर्वीच्या ‘पापाचे’ फळ मानतो, वैद्याऐवजी भिंतीवरील जाहिरातीकडे वळतो, आणि घाबरून स्नायू अधिकच आवळतो. महाराष्ट्रात या अज्ञानाशी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ सालापासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून एकाकी झुंज दिली आणि त्यापायी खटलेही सोसले. त्यांचे काम अजून संपलेले नाही. हस्तमैथुनाने किंवा स्वप्नावस्थेने हा रोग होत नाही, आणि हा तिसऱ्या वर्गाचा विकार पत्नीला लागत नाही, एवढे जरी आज येथून घरी गेले तरी काही संसारांतील अबोला सुटेल.

आता व्यवहाराकडे वळू. प्रथम खरे निदान झाले पाहिजे. लघवीची साधी तपासणी व जंतूंची तपासणी, लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते ते पाहणे, ग्रंथी आणि स्नायू यांची बोटाने तपासणी, आणि शंका असल्यास लैंगिक संबंधातून येणाऱ्या रोगांची तपासणी एवढे बहुधा पुरते. काही चिन्हे मात्र थांबू न देणारी आहेत. थंडी-ताप, लघवीतून रक्त, लघवी तुंबणे, वृषणात गाठ किंवा अचानक असह्य कळ, कारणाशिवाय वजन घटणे, पाय लुळे पडणे अथवा बैठकीचा भाग बधिर होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी वैद्य गाठावा. दुखण्याचे मोजमाप करण्यासाठी १९९९ साली तेरा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. वेदना, लघवी आणि जगण्यावरील परिणाम यांना मिळून तीत शून्य ते ४३ गुण मिळतात. सहा गुण उतरले तर रोग्याला खरोखर फरक जाणवतो. दर दोन महिन्यांनी असे माप घेतले म्हणजे एका वाईट दिवसाने माणूस खचत नाही.

उपचाराचे सूत्र २००९ साली शोस्केस, निकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुटसुटीत करून मांडले. प्रत्येक रोग्यात सहा धागे शोधावेत : लघवीचा त्रास, मनावरचा ताण, ग्रंथीची स्वतःची तक्रार, जंतुसंसर्ग, मज्जातंतूंचा किंवा शरीरात अन्यत्रही असलेला वेदनाविकार, आणि स्नायूंचा हळवेपणा. जे धागे सापडतील तेवढ्यांवर एकाच वेळी इलाज करावा. धार अडखळत असेल तर मूत्रमार्ग सैल करणारे औषध, मज्जातंतू हळवे असतील तर त्यांना शांत करणारे, स्नायू आवळलेले असतील तर स्नायूंचा उपचार, मन खचले असेल तर त्याला आधार. जंतू सापडले तरच जंतूंचे औषध. २०१० साली या पद्धतीने १०० रोग्यांवर उपचार करून पाहिले तेव्हा ८४ जणांचे गुण सहा किंवा अधिक उतरले. या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून या आकड्यावर अंतिम शिक्का मारता येत नाही. तथापि एकाच गोळीच्या मागे लागण्यापेक्षा ही वाट शहाणपणाची आहे यात शंका नाही.

स्नायूंच्या उपचाराला मात्र तुलनेचा आधार आहे. २००९ साली ४७ स्त्री-पुरुषांच्या एका प्रयोगात ओटीपोटाच्या तळाचे आवळलेले स्नायू हाताने सैल करण्याच्या उपचाराने शेकडा ५७ जणांना गुण आला. सर्वांगाच्या साध्या मालिशाने शेकडा २१ जणांना. हे काम शिकलेल्या फिजिओथेरपिस्टचे आहे. ते शिकवितात ती गोष्ट सोपी वाटते पण अभ्यासाची आहे : पोट सैल सोडून संथ श्वास घ्यावा आणि श्वासाबरोबर तळ खाली सोडावा. मूलबंधासारखा तळ आवळण्याचा व्यायाम आधीच आवळलेल्या स्नायूंसाठी नव्हे; ऐकीव माहितीवर तो करू नये. चालण्याचे महत्त्वही असेच सिद्ध झाले आहे. २००७ सालच्या एका इटालियन प्रयोगात १०३ बैठ्या पुरुषांपैकी ज्यांनी अठरा आठवडे नियमाने दमश्वासाचा व्यायाम केला त्यांना साध्या ताणाच्या व्यायामापेक्षा अधिक आराम पडला. चीनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ४४० पुरुषांच्या अभ्यासात आठ आठवडे अ‍ॅक्युपंक्चर केलेल्यांपैकी शेकडा ६०.६ जणांना गुण आला, तर लुटुपुटीच्या सुयांनी शेकडा ३६.८ जणांना.

घरी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. कोमट पाण्याचे कटिस्नान स्नायूंना सैल करते. तासाभराने खुर्चीवरून उठून चार पावले टाकावीत. मलावरोध होऊ देऊ नये. मद्य, कॉफी आणि तिखट यांनी काहींचे दुखणे वाढते, काहींचे वाढत नाही; पंधरा दिवस सोडून पाहावे आणि स्वतःपुरते ठरवावे. दुखण्याच्या भीतीने सारी हालचाल बंद करू नये, आणि पत्नीला अंधारात ठेवू नये. जी अडचण दोघांना ठाऊक असते तिची धास्ती निम्मी होते.

या रोगात एका रात्रीत बरे होणे नसते. बहुतेकांना आराम पडतो तो महिन्यामहिन्याने, आणि मधूनमधून दुखणे उचल खाते. अशी उचल म्हणजे सारे मुसळ केरात गेले असे समजू नये. वैद्याकडे जाताना तीन प्रश्न बरोबर न्यावेत : माझ्या लघवीत खरोखर जंतू सापडले काय? माझे स्नायू तपासले काय? आणि हे औषध किती आठवड्यांत लागू पडले नाही तर थांबवावयाचे? वैद्याला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही. आणि ज्या घरात एखादा पुरुष गेले काही महिने खुर्चीवर नीट बसत नाही, चिडचिडा झाला आहे, विचारले तर ‘काही नाही’ म्हणतो, त्या घरातील माणसांनी ते ‘काही नाही’ खरे धरू नये. त्याला शांतपणे विचारावे आणि बरोबर जाऊन तपासून घ्यावे.